आधी पाणी विचारा

१९५१ सालच्या 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' या चित्रपटात गॉर्ट नावाचा यंत्रमानव आहे. तबकडीतून उतरतो, डोळ्यांच्या जागची पट्टी वर सरकते, आतून उजेड येतो आणि समोरच्या रणगाड्यांचं पाणी होतं. या गॉर्टच्या पोशाखाचे दोन संच केले होते. एकाची शिवण पुढून, दुसऱ्याची मागून. शॉटमध्ये गॉर्टची पाठ दिसणार असेल तर पुढून बंद होणारा घालायचा, तोंड दिसणार असेल तर मागून बंद होणारा. आत होता लॉक मार्टिन, हॉलिवूडमधल्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरचा दारवान. उंची सात फुटांच्या बरीच वर, पण अंगात ताकद बेताची. नायिकेला उचलून न्यायचं दृश्य आलं तेव्हा तिला तारांनी तोलून धरावं लागलं.

हे सगळं ठाऊक असूनही गॉर्ट पहिलं पाऊल टाकतो तेव्हा मी सोफ्यावर पाय वर घेतो. बर्नार्ड हरमनचं संगीत चालू असतं. त्यात दोन थेरेमिन आहेत, म्हणजे हात न लावता वाजणारं वाद्य, तेही एक सोडून दोन. बाकी प्रसंग कोरडा. हिरवळ, पोलीस, बघे, आणि ऊन.

माझा पुतण्या पर्वरीला व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो. त्याचं म्हणणं, "काका, गुडघ्यापाशी चुण्या पडतात त्याच्या. रबर आहे ते." पडतात. मी नाकारत नाही. पण त्याच्या लॅपटॉपवर रोज अख्खी शहरं कोसळतात, आणि त्यातलं एकही त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. गॉर्टच्या चुण्या मात्र त्याला पाठ आहेत.

जुने परग्रहवासीयांचे चित्रपट अजून का पाहवतात, यावर बरंच लिहून झालं आहे. शीतयुद्ध, अणुबॉम्बची धास्ती, १९४७ नंतर अमेरिकेत उठलेली उडत्या तबकड्यांची आवई. खरं आहे सगळं. पण ती धास्ती तिथली आणि तेव्हाची. फोंड्यात बसून, शिताकढी जेवून, हे चित्रपट पुन्हा लावणाऱ्या माणसाला त्यातलं काय लागू पडतं? माझ्यापुरतं उत्तर काकीने दिलं.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. वीज दोनदा जाऊन आली होती आणि तिची मालिका बुडाली होती, म्हणून ती माझ्यासोबत बसली. इंग्रजी संवाद मी अधूनमधून सांगत होतो. वॉशिंग्टनच्या मैदानात तबकडी उतरते. परग्रहावरचा पाहुणा क्लाटू बाहेर येतो, आम्ही शांततेने आलोय म्हणतो, अंगरख्यातून एक वस्तू काढून पुढे करतो. वस्तू खट्‌कन उघडते. एक शिपाई घाबरतो आणि गोळी झाडतो. क्लाटू खाली पडतो, वस्तूचे तुकडे होतात. मग तो सांगतो, ही तुमच्या राष्ट्राध्यक्षांसाठी आणलेली भेट होती, हिच्यातून इतर ग्रहांवरचं जीवन पाहता आलं असतं.

काकीने हातातली वात तशीच ठेवली. "आल्या आल्या गोळी? अरे, पाणी तरी विचारायचं आधी!"

मी हसलो, पण पुढचा सगळा चित्रपट मला त्या एका वाक्यातूनच दिसत राहिला. आपण समजतो हे चित्रपट पाहुण्याबद्दल आहेत. पाहुणा फार थोडा वेळ असतो त्यांत. कॅमेरा बसलेला असतो यजमानाच्या घरात. कोण दार उघडतं, कोण पोलिसांना फोन करतं, कोण पाहुण्याच्या खिशात काय आहे ते बघतं, याच्यावर त्याचं लक्ष. यानाला पैसे कमी होते म्हणून असेल, पण त्यामुळे घर नीट दिसलं.

क्लाटू इस्पितळातून निसटतो आणि कुठे जातो? भाड्याची खोली शोधतो. 'कारपेंटर' हे नाव घेऊन एका साध्या बोर्डिंग हाउसात राहतो. सकाळी न्याहारीच्या टेबलावर सगळे भाडेकरू परग्रहावरच्या माणसाबद्दल तावातावाने बोलतायत, आणि तो तिथेच बसून ऐकतोय. एक बाई ठासून सांगते की हा कुठला आलाय आकाशातून, इथलाच आहे, आणि 'इथला' म्हणजे कुठला ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिचा रोख रशियाकडे. त्या टेबलावरचा प्रत्येक जण आमच्या ओळखीचा आहे. गोव्यात ज्यांनी पासष्ट-सत्तरच्या सुमारास आणि पुढे हणजुणे-कळंगुटला हिप्पींना खोल्या दिल्या, त्यांच्या घरात या गप्पा झाल्याच असतील. माणूस केसाळ, पैसे रोख, पासपोर्टावरचं नाव वाचता येत नाही. गुन्हेगार की साधू ते ठरत नाही. आणि तरी पोरं त्याच्यामागे फिरतात.

क्लाटूच्या मागेही घरातला बॉबी फिरतो. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत बॉबीच्या वडिलांच्या कबरीपाशी ते उभे राहतात. लिंकनच्या पुतळ्यापाशी जातात. सिनेमाला जायला क्लाटूकडे पैसे नाहीत, तेव्हा तो बॉबीचे दोन डॉलर घेतो आणि बदल्यात दोन हिरे देतो. नंतर हा व्यवहार आईला कळतो तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. अंतराळयानाच्या चित्रपटात मला सगळ्यांत भावलेली उलाढाल ही.

आणि एक मला मागाहून कळलेली गोष्ट. चित्रपटात तबकडीची बातमी देणारे काही निवेदक खरेखुरे आहेत. ड्रू पिअर्सनसारखे त्या काळी अमेरिकेत घराघरांत ऐकले जाणारे पत्रकार स्वतःच्याच नावाने येतात आणि तबकडीची बातमी सांगतात. ज्या आवाजावर रोज विश्वास ठेवला त्याच आवाजात अशक्य गोष्ट सांगायची, ही युक्ती तबकडीहून मोठी. आकाशातून येणाऱ्या वस्तूची आणि आवाजाची आमच्या इथे मात्र खरीच आठवण आहे.

काकीचं माहेर चिखलीचं. दाबोळीचा विमानतळ तिथून हाकेवर. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. काकी पाच-सहा वर्षांची होती. तिला आठवतं ते एवढंच की तिला आणि धाकट्या भावाला पलंगाखाली ढकललं होतं आणि तिथे भोपळे ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. मग आकाशातून आवाज आला. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई, ज्यांनी त्याआधी सहा वर्षं जंगलात लपून 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' हे नभोवाणी केंद्र चालवलं होतं, ते दोघे वायुदलाच्या विमानात बसले आणि ध्वनिक्षेपकावरून पोर्तुगीजमध्ये आणि कोकणीत सांगत फिरले की गोवा मुक्त झाला.

काल बॉम्ब, आज आवाज. परग्रहवासीयांच्या चित्रपटांचे दोन मुख्य प्रकार एवढ्याशा राज्याने लागोपाठच्या दोन दिवसांत पाहिले. म्हणून काकीला यान उतरल्याचं फारसं नवल वाटत नाही. तिला नवल वाटतं ते गोळीचं.

गॉर्टला तिने लगेच ओळखलं. "राखणदार आहे हा," म्हणाली. आमच्याकडे गावाच्या शिवेवरून रात्री राखणदार फिरतो. त्याच्यासाठी रोट ठेवतात, विडी ठेवतात. वेताळाला वहाणा वाहतात, कारण रात्रभर गावाभोवती फिरून जुन्या झिजतात. मी तिच्याशी वाद घातला. राखणदार गावाचा असतो, त्याला गाऱ्हाणं घालता येतं, चुकलंमाकलं माफ करून घेता येतं. गॉर्ट म्हणजे बाहेरच्यांनी नेमलेला पोलीस. क्लाटूच शेवटी सांगतो की आम्ही अशा यंत्रमानवांना अधिकार देऊन टाकलेत आणि ते आम्हालाही परत घेता येत नाहीत. तुम्ही आपसात काय ते करा, पण भांडण अंतराळात आणलंत तर पृथ्वीची राख होईल. हे भाषण मला कधीच आवडलं नाही. शांततेची भाषा आहे, पण मागे तोफ उभी आहे. साडेचारशे वर्षं या किनाऱ्यावर ज्यांनी अशी शांतता अनुभवली, त्यांच्या नातवंडांनी या भाषणाला टाळ्या वाजवू नयेत असं माझं मत.

पण काकी अर्धी जिंकली. क्लाटू मारला जातो तेव्हा गॉर्ट उठतो, आणि त्याला थांबवायला नायिका हेलनला तीन शब्द म्हणायचे असतात. क्लाटू बराडा निक्टो. ती थरथरत ते म्हणते. गॉर्ट थांबतो. "हे काय मग?" काकी म्हणाली. "गाऱ्हाणंच की."

पाणी विचारण्याचं तत्त्व सगळीकडे चालत नाही, हेही कबूल करायला हवं. जॉर्ज पालने निर्मिलेल्या १९५३ च्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये तीन माणसं रीतसर पांढरं निशाण घेऊन खड्ड्यापाशी जातात, स्वागत करतात. मंगळवाल्यांचं यंत्र मान वर काढतं आणि त्यांची राख करतं. नंतर एक पाद्री हातात धर्मग्रंथ धरून, प्रार्थना म्हणत, एकटा चालत जातो. त्याचंही तेच. तांब्याच्या रंगाची ती यंत्रं तारांवर टांगलेली होती, आणि काही जुन्या प्रिंटमध्ये तारा उघड दिसतात. पुतण्याला तेवढंच हवं असतं.

वेल्सची मूळ कादंबरी १८९८ ची, आणि पहिल्याच प्रकरणात तो इंग्रज वाचकाला आठवण करून देतो की मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी आपण टास्मानियातल्या माणसांचं काय केलं ते बघा. म्हणजे हा लेखक इंग्रजाला क्षणभर किनाऱ्यावर उभा करतोय, जिथे आम्ही १५१० मध्ये उभे होतो, समोर पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कची गलबतं. पुढे मंगळवाले मरतात ते तोफांनी नाही, इथल्या जंतूंनी. हा शेवट लोकांना फसवा वाटतो. जुन्या गोव्यात फिरलेल्या माणसाला तो तसा वाटणार नाही. युरोपात ज्याची वाहवा होती ते शहर पटकी आणि हिवतापाच्या साथींनी ओस पडत गेलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. आज तिथे भव्य चर्चं उभी आहेत आणि मधली घरं, बाजार, रस्ते झाडीत गेलेत. फक्त वेल्सच्या गोष्टीत जंतू काही आठवड्यांत काम उरकतात आणि मरतात ते फक्त पाहुणे. आमच्याकडे साथींनी गावकऱ्यांनाही सोडलं नाही, आणि जंतूंनी राजधानी हलवली, राज्य नाही. त्यासाठी १९६१ उजाडावं लागलं.

डॉन सीगलच्या १९५६ मधल्या 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'बद्दल मी जरा जपून बोलतो. त्यात यान नाही, शस्त्रं नाहीत. मोठ्या शेंगा येतात, माणूस झोपला की त्याची हुबेहूब नक्कल तयार होते, आणि सकाळी घरात तोच चेहरा असतो पण आत तो माणूस नसतो. एक बाई डॉक्टरला सांगते की काका आमचे काका नाहीत, आणि पुरावा म्हणून तिच्याकडे काहीच नसतं. सगळं तेच आहे, फक्त डोळ्यांत काहीतरी नाही. या चित्रपटात कुणाला साम्यवादी दिसले, कुणाला साम्यवाद्यांची शिकार करणारे. मला उत्तर गोव्यातल्या बार्देशातली बंद घरं दिसतात. दार तेच, पुढचा बलकाव म्हणजे ओसरी तीच, जांभळट रंगही तोच, पण मालक दिल्लीला, आणि बाहेर कोडचं कुलूप. हे लिहिताना हात थांबतो, कारण याच वाटेने पुढे गेलं की 'भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणून कुणावरही बोट दाखवता येतं, रस्ता खोदणाऱ्या मजुरावरसुद्धा, आणि घर विकणारा आपलाच चुलता होता हे विसरता येतं. शेंगेत ज्याला त्याला आपापला शत्रू सापडतो. चित्रपट अप्रतिम आहे आणि मी तो काकीला दाखवणार नाही.

तिला मी स्पीलबर्गचा १९७७ चा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' दाखवला. त्यात यजमान शेवटी वाद्य घेऊन उभे राहतात. पाच स्वर वाजवतात, यान पाच स्वरांत उत्तर देतं, मग दोघांची जुगलबंदी रंगते. त्याआधी भारतातलं दृश्य आहे. हजारभर माणसं तेच स्वर गातायत, शास्त्रज्ञाच्या भूमिकेतला फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो ध्वनिमुद्रण करतोय, आणि हे सूर कुठून आले असं विचारल्यावर सगळे हात एकदम आकाशाकडे जातात. पडद्यावर ते उत्तर भारत आहे. प्रत्यक्षात चित्रीकरण झालं आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात. म्हणजे ती बोटं रायगड जिल्ह्यातली. त्या काळी मुंबईजवळ रात्री पाहिलेला दिव्यांनी मढलेला तेलशुद्धीकरण कारखाना स्पीलबर्गच्या मनात राहिला आणि त्यावरून प्रचंड मातृयानाची कल्पना घडली, असं तो सांगतो. दोनापावलावरून रात्री मुरगाव बंदराकडे पाहिलं की हे लगेच पटतं. मांडवीतली कॅसिनो जहाजं मी यात धरत नाही. तेही झगमगतात, पण परग्रहवाले काही तासांत परत गेले होते.

सत्यजित राय यांची पटकथा मात्र पडद्यावर आलीच नाही. १९६७ मध्ये त्यांनी 'द एलियन' लिहिली, हॉलिवूडची एक कंपनी तयार झाली, पीटर सेलर्सचं नाव आलं, आणि सगळं विरून गेलं. यान उतरतं बंगालमधल्या एका खेड्याच्या तळ्यात. पाण्यावर आलेला त्याचा भाग बघून गावकऱ्यांना वाटतं, बुडालेलं देऊळ वर आलं, आणि पूजा सुरू होते. वॉशिंग्टनला रणगाडे निघाले, इथे फुलं निघाली. दोन्हीकडे आतल्या माणसाला कुणी काही विचारलं नाही, हे रायांनी बरोबर पकडलं होतं. तो चित्रपट झाला असता तर मी बाकीचे एवढ्या वेळा पाहिले असते की नाही, शंका आहे.

१९७७ मध्येच आणखी एक गोष्ट झाली, आणि तिच्यात भूमिका उलटल्या. २० ऑगस्टला व्हॉयेजर २ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ ही नासाची यानं अंतराळात निघाली. दोघांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, ती वाजवायची सुई आहे, कशी वाजवायची त्याच्या आकृत्या कोरल्या आहेत. पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि संगीतात भारताकडून एकच तुकडा आहे, साधारण साडेतीन मिनिटांचा: केसरबाई केरकर, 'जात कहाँ हो'. केसरबाई आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. ध्वनिमुद्रण म्हटलं की नाखूष असणारी बाई. गाणं समोर बसून ऐकायचं, असा खाक्या. नेमकी तिचीच तबकडी २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावाची वेस ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत गेली. व्हॉयेजर १ उडाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई वारल्या.

आता न बोलावता दार वाजवणारे आपण आहोत. कुठल्यातरी शिवेवर आपलं यान सापडेल, तिथला शिपाई घाबरेल किंवा तिथले लोक फुलं घेऊन धावतील. मी हे काकीला सांगितलं, मोबाइलवर ते गाणं लावलं. तिने डोळे मिटून ऐकलं, आणि पुतण्याला वाटलं ती भारावली. ती भारावली नव्हती.

"ही भैरवी," ती म्हणाली.

"हो."

"पहिल्या भेटीला भैरवी कोण पाठवतं? ती शेवटी असते. भैरवी सुरू झाली की माणसं चपला शोधायला लागतात."

नासाच्या समितीत कुणाला हे सुचलं होतं का, ठाऊक नाही. तिकडच्यांना मैफलीचा रिवाज माहीत नसेल अशी आशा करायची. नाहीतर ते आपल्याला पाणी विचारायच्या आधीच निरोपाचा विडा आणून ठेवतील.